वाचकांचे प्रश्न : स्वातंत्र्य १७७६ चं, मग सरकार १७८९ चं कसं?

जुलैच्या अंकात चार ओळींची एक चौकट दिली होती, की अमेरिकेतल्या १३ ब्रिटिश वसाहतींनी १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं आणि जॉर्ज वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते १७८९ मध्ये. बस्स, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि ईमेल आलीयत की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागतंय. बहुतेकांचा सूर एकच, मधली १३ वर्षं ही मंडळी करत काय होती? काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, काही थोडे कापलेत, राग मानू नका.

प्रश्न : चहावरचा कर वाढवला म्हणून बोस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला असं शाळेत शिकलो. कर वाढवला तरी किती होता?

उत्तर : गंमत म्हणजे वाढवलाच नव्हता. पौंडाला ३ पेन्स हा कर १७६७ पासूनचा होता, आणि १७७३ च्या चहा कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता. झालं असं की ईस्ट इंडिया कंपनीची गोदामं चहाने तुडुंब भरलेली आणि तिजोरीत खडखडाट, म्हणून सरकारने तिला लंडनमधला कर माफ केला आणि माल थेट अमेरिकेत, आपल्या ठरावीक एजंटांमार्फत विकायची मुभा दिली. त्यामुळे मधले व्यापारी कटले, डच चहा चोरून आणणारेही कटले (आणि बोस्टनमध्ये चोरटा चहा विकणं हा चांगला प्रतिष्ठित लोकांचा धंदा होता बरं का). आणि बोस्टनमधले एजंट कोण, तर त्यात गव्हर्नर हचिन्सन यांची दोन मुलं! मग लोक भडकणार नाहीत तर काय. त्यांना वाटलं हे स्वस्ताईचं आमिष आहे, एकदा का हा चहा घेतला की पार्लमेंटला आपल्यावर कर लावायचा हक्क आहे हे आपणच कपात ओतून मान्य केल्यासारखं होईल.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री मोहॉक या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांसारखा वेश करून माणसं तीन जहाजांवर चढली आणि सुमारे तीन तासांत ३४२ पेट्या फोडून पाण्यात रिकाम्या केल्या. नेमकी ओहोटी होती, त्यामुळे चहा वाहून जाईना, जहाजांच्या कडेला ढीग साचले आणि ते ढकलत बसावं लागलं. आणि हो, दोघातिघांनी विचारलंय म्हणून सांगते, तो चहा भारतातला नव्हता, चीनचा होता, आसामचे मळे तेव्हा कुठे होते.

मुळात कराचं हे खूळ आलं कुठून तर १७६३ ला फ्रान्सबरोबरचं मोठं युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं. लंडनचं म्हणणं, तुमच्या रक्षणासाठी फौज ठेवलीय तर थोडा भार तुम्हीही उचला. माझं मत विचाराल तर हे म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, कारण इंग्लंडमधला माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. पण १७६५ ला त्यांनी जो स्टॅम्प कायदा आणला तो वर्तमानपत्रं, कोर्टाची कागदपत्रं, पंचांग, अगदी पत्त्यांचा कॅट यावरसुद्धा, म्हणजे नेमका वकील आणि छापखानेवाले यांच्यावर. ज्यांचं पोटच लिहिण्या-बोलण्यावर त्यांनाच डिवचलं! वर्षभरात तो कायदा मागे घ्यावा लागला, पण घेताना पार्लमेंटने दुसरा कायदा करून ठेवला की वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा हक्क आमच्याकडे आहेच. भांडणाचं बी तिथे आहे, चहा नंतरचा.

प्रश्न : मग त्यांना पार्लमेंटमध्ये चार-पाच खासदार देऊन टाकायचे, मिटलं असतं की!

उत्तर : नसतं मिटलं. एक तर ३,००० मैलांचा समुद्र, खासदार निवडून पाठवायचा आणि तो तिथे जाऊन काय बोलला ते दोन-तीन महिन्यांनी कळायचं. दुसरं, चार-पाच जण शेकडोंच्या सभागृहात मतदानात हरणारच, आणि वर लंडन म्हणायला मोकळं की आता तुमचे प्रतिनिधी आहेत ना, भरा गुपचूप. वसाहतवाल्यांना हे चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या विधानसभा होत्या, व्हर्जिनियाची तर १६१९ पासूनची, कर लावायची सवय त्या सभांनाच होती आणि गव्हर्नरचा पगारसुद्धा बऱ्याच ठिकाणी तीच सभा ठरवायची. ही चावी त्यांना सोडायची नव्हती. लंडनकडून उत्तर काय यायचं, तर मँचेस्टरलाही खासदार नाही, त्यांचं कुठे अडतंय? जे खरं होतं, पण ऐकणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा असंच होतं.

चहाच्या प्रकरणानंतर १७७४ ला बोस्टन बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सची सभा-समित्यांची सगळी घडी मोडली, आणि तिथेच बाकीच्या वसाहती एकत्र आल्या. त्याआधी एकमेकींशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला पहिली काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, भरली, जॉर्जिया सोडून १२ वसाहतींचे लोक आले. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्डला गोळ्या चालल्या आणि मग विषय वादावादीचा राहिलाच नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. ठराव २ जुलैला पास झाला असं वाचलं, मग ४ जुलै का साजरा करतात?

उत्तर : बरोबर वाचलंयस. स्वातंत्र्याच्या ठरावावर मतदान झालं २ जुलै १७७६ ला, १२ वसाहतींनी होकार दिला आणि न्यूयॉर्कने मतच दिलं नाही, कारण त्यांच्या लोकांना घरून परवानगी आली नव्हती. जॉन अ‍ॅडम्सनी तर बायकोला पत्र लिहिलं की पुढच्या पिढ्या २ जुलैचा उत्सव करतील, दिवे लावतील, तोफा उडवतील. उत्सवाचं अचूक ओळखलं, तारीख चुकली. ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर, जेफरसनने लिहिलेला आणि काँग्रेसने बराच कापलेला, आणि छापलेल्या प्रतीवर तीच तारीख होती म्हणून ती रुजली. सह्या बहुतेकांनी २ ऑगस्टला केल्या. त्यामुळे ४ जुलैला सगळे रांगेत उभे राहून सह्या करतायत असं जे चित्र डोळ्यापुढे येतं ते विसर.

एक तुकडा तुला आवडेल. ९ जुलैला न्यूयॉर्कमध्ये सैन्यापुढे हा जाहीरनामा वाचून दाखवला, आणि जमाव तिथून उठून गेला तो थेट बोलिंग ग्रीनला, जिथे राजा तिसऱ्या जॉर्जचा घोड्यावरचा पुतळा होता. शिशाचा, वर सोन्याचा मुलामा. दोर लावून तो पाडला, तुकडे केले आणि बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी पाठवले, तिथे बायका-मुलांनी ते वितळवून साच्यात ओतले आणि त्याच्या ४०,००० हून जास्त बंदुकीच्या गोळ्या झाल्या. राजाच राजाच्या सैन्यावर झाडला म्हणायचा!

प्रश्न : जगातलं सगळ्यात बलाढ्य आरमार समोर असताना हे शेतकरी जिंकले कसे? वॉशिंग्टन एवढे मोठे सेनापती होते का?

उत्तर : मोठ्या लढायांचा हिशोब मांडलात तर वॉशिंग्टन जिंकले कमी आणि हरले जास्त. त्यांचं खरं कसब पळून जाण्यात, आणि हे मी कौतुकाने लिहितेय. ऑगस्ट १७७६ मध्ये लाँग आयलंडवर त्यांचा सपशेल पराभव झाला, मागे नदी, पुढे ब्रिटिश, खेळ खलास व्हायचा. पण २९ तारखेच्या रात्री त्यांनी सुमारे ९,००० माणसं होड्यांतून गुपचूप पलीकडे मॅनहॅटनला नेली, पहाट झाली तरी काही जण उरलेच होते, तेवढ्यात दाट धुकं पडलं आणि तेही निसटले. सकाळी ब्रिटिश बघतात तर खंदक रिकामे. त्याच वर्षी नाताळच्या रात्री बर्फाळ डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनला जर्मन भाडोत्री सैनिकांवर छापा घातला आणि ९०० च्या आसपास माणसं पकडली. लढाई म्हणून छोटीच, पण तेव्हा सैन्य विरघळत चाललं होतं ते टिकलं.

ब्रिटिशांची अडचण अशी की घेतलं की युद्ध संपलं असं एक ठिकाणच नव्हतं. न्यूयॉर्क घेतलं, फिलाडेल्फिया घेतलं, चार्ल्सटन घेतलं, काँग्रेस आपली गाठोडं बांधून पुढच्या गावी. लंडनहून हुकूम यायला दीड-दोन महिने, तोवर इकडची परिस्थितीच बदललेली.

आणखी एक गोष्ट जी युद्धाच्या गोष्टींत कुणी फार सांगत नाही ती देवीची. देवीच्या साथीने सैन्य पोखरलं होतं. वॉशिंग्टनना स्वतःला १९ व्या वर्षी बार्बाडोसला देवी येऊन गेल्या होत्या, त्यामुळे हा आजार काय करतो ते त्यांना माहीत होतं. १७७७ मध्ये त्यांनी हुकूम काढला की सगळ्या सैनिकांना टोचून घ्यायचं. लस तेव्हा नव्हती, रोग्याच्या फोडातला पू घेऊन निरोगी माणसाच्या कातडीवर चीर पाडून त्यात भरायचा, मग त्याला सौम्य देवी यायच्या आणि नशीब बरं असेल तर तो आयुष्यभरासाठी सुटायचा. जोखीम होतीच, आणि तुकडीच्या तुकडी काही आठवडे आडवी पडणार हे शत्रूला कळू द्यायचं नव्हतं म्हणून सगळं ताकास तूर न लागू देता. माझ्या मते त्यांच्या सगळ्या लढायांपेक्षा हा निर्णय मोठा.

आणि अर्थात फ्रान्स. फ्रान्स आधी लपूनछपून मदत करत होता, बोमार्शे नावाच्या नाटककाराने एक बनावट व्यापारी कंपनी काढली आणि तिच्या नावाखाली दारूगोळा, बंदुका, कपडे अमेरिकेला जायचे. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला जनरल बरगॉइनची अख्खी फौज शरण आली, तेव्हा फ्रान्सची खात्री पटली की घोडा पळणारा आहे, आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये उघड तह झाला. मग स्पेनही उतरला. शेवट झाला यॉर्कटाउनला १७८१ मध्ये. लॉर्ड कॉर्नवॉलिस समुद्राकाठी तळ देऊन बसले, की आपलं आरमार येईल. आरमार आलं पण ५ सप्टेंबरला फ्रेंच जहाजांनी ते खाडीच्या तोंडावरच परतवलं, जमिनीवर वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो, झाली कोंडी. १९ ऑक्टोबरला शरणागती. कॉर्नवॉलिस आजारपणाचं कारण सांगून आलेच नाहीत, दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं, तर वॉशिंग्टननीही त्याला आपल्या दुय्यम अधिकाऱ्याकडे, बेंजामिन लिंकनकडे वळवलं. लिंकनचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत.

आणि यॉर्कटाउनकडे जाताना वाटेत सैनिक कुरकुरायला लागले होते की पगार द्या, मगच पुढे. काँग्रेसकडे दमडी नव्हती. शेवटी फ्रेंचांकडूनच उसने घेऊन एक महिन्याचा पगार खणखणीत नाण्यांत वाटला, तेव्हा कुठे लोक पुढे निघाले. खाली जे सरकारचं रामायण सांगणार आहे त्याचं मूळ या प्रसंगात आहे.

प्रश्न : हे कॉर्नवॉलिस म्हणजे टिपू सुलतानवाले का?

उत्तर : तेच. यॉर्कटाउनला हरले म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही, १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन भारतात आले, १७९२ ला टिपूशी तह केला, १७९३ ला बंगालमध्ये कायमधारा आणला आणि १८०५ मध्ये गाझीपूरला वारले. तिकडे अमेरिकेत युद्ध चालू होतं तेव्हाच इकडे मराठ्यांशी इंग्रजांचं पहिलं युद्ध चालू होतं, वडगावला इंग्रजांना नमतं घ्यावं लागलं ते जानेवारी १७७९ मध्ये. 

प्रश्न : सगळे अमेरिकन एकदिलाने लढले का? गुलामांचं काय?

उत्तर : एकदिलाने मुळीच नाही. राजाच्या बाजूचे लोक भरपूर होते, एकाच घरात बाप राजाकडे आणि मुलगा बंडखोरांकडे असं चालायचं. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा शाही गव्हर्नर होता, तो शेवटपर्यंत राजाकडेच राहिला आणि बापलेकाचं पुन्हा नीट जमलंच नाही. युद्ध संपल्यावर राजनिष्ठ लोक हजारोंनी देश सोडून गेले, कॅनडात, इंग्लंडमध्ये, वेस्ट इंडिजमध्ये.

गुलामांपुढे तर वेगळाच हिशोब होता. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं की बंडखोर मालकाचा गुलाम आमच्याकडून लढला तर तो मोकळा. ब्रिटिशांना गुलामांचा कळवळा होता असं काही नाही, मालकांचे हात तोडायचे होते. पण माणसं गेली. त्यातला एक हॅरी वॉशिंग्टन, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याच मळ्यावरून पळालेला, १७८३ ला ब्रिटिश जहाजातून नोव्हा स्कोशियाला गेला आणि पुढे आफ्रिकेत सिएरा लिओनला. मालक स्वातंत्र्याची लढाई जिंकले आणि त्याने स्वतःचं स्वातंत्र्य समोरच्या बाजूला जाऊन मिळवलं, आता यात देशद्रोही कोण म्हणायचं?

मूळ रहिवाशांचं सगळ्यात वाईट झालं. मोहॉक बरेचसे ब्रिटिशांकडून लढले, ओनायडा अमेरिकनांकडून, आणि ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहात ब्रिटनने मिसिसिपीपर्यंतची जमीन परस्पर अमेरिकेला देऊन टाकली. या लोकांना त्या टेबलावर कुणी बोलावलंही नव्हतं.

प्रश्न : आता मूळ मुद्दा. १७८३ ला जिंकले, मग लगेच राष्ट्राध्यक्ष का नाही? सरकार नव्हतंच का?

उत्तर : होतं, पण कसलं ते ऐका. १७७७ मध्ये काँग्रेसने एक करारनामा तयार केला, ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’, तो सगळ्या १३ राज्यांनी मान्य करेपर्यंत मार्च १७८१ उजाडला. त्यात राष्ट्राध्यक्ष नाही, केंद्राची न्यायव्यवस्था म्हणावी अशी नाही, लहान-मोठं कुठलंही राज्य असो मत एकच, मोठ्या निर्णयाला १३ पैकी ९ राज्यं हवीत आणि करारनाम्यात बदल करायचा तर तेराच्या तेरा. आणि सगळ्यात मोठं, काँग्रेसला कर लावायचा अधिकार नाही. ती फक्त राज्यांकडे मागायची, राज्यांनी दिले तर दिले. सोसायटीत मेंटेनन्स ज्याच्या-त्याच्या मर्जीवर ठेवला तर लिफ्ट किती दिवस चालेल, तसंच.

असं का केलं, तर लंडनच्या पार्लमेंटने पोळलेले लोक, ताक पण फुंकून पीत होते. दूरवरच्या कुठल्या सभेने आपल्या खिशात हात घालायचा नाही हेच तर भांडण होतं, मग घरातच तशी सभा कशाला तयार करतील? पण युद्धाला पैसा लागतो, म्हणून काँग्रेसने नोटा छापल्या, २० कोटी डॉलरहून जास्त, ज्यांच्यामागे तारण काहीच नाही. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच कबूल केलं की ४० कागदी डॉलर म्हणजे १ चांदीचा डॉलर. सैनिकाचा पगार याच कागदात! जानेवारी १७८१ ला पेन्सिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केलं ते याच कारणावरून.

१७८३ मधले दोन प्रसंग सांगते. मार्चमध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकारी चिडले होते, पगार नाही, पेन्शन नाही, आणि काँग्रेसला इंगा दाखवावा अशी निनावी पत्रकं फिरत होती. वॉशिंग्टन स्वतः सभेत आले, भाषण केलं, लोक ढिम्म. मग त्यांनी एका काँग्रेस सदस्याचं पत्र वाचायला काढलं आणि ते वाचता येईना म्हणून खिशातून चष्मा काढला. चष्म्यात त्यांना कुणी फारसं पाहिलंच नव्हतं. तुमच्या सेवेत केस पिकले, आता डोळेही चाललेत, अशा अर्थाचं काहीतरी ते पुटपुटले आणि तिथल्या राकट अधिकाऱ्यांचे डोळे भरून आले, बंडाचा विषय तिथेच संपला. काही जण म्हणतात हे ठरवून केलेलं नाटक होतं. असेलही, पण वेळ निभावली.

जूनमध्ये मात्र चष्मा कामी आला नाही. पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात ज्या इमारतीत काँग्रेस बसायची तिलाच वेढा घातला, राज्य सरकार मदतीला पोलीस-फौज देईना, आणि देशाची सर्वोच्च सभा आपल्याच सैनिकांना घाबरून न्यू जर्सीत प्रिन्स्टनला निघून गेली. पुढे अ‍ॅनापोलिस, ट्रेंटन, न्यूयॉर्क, बिऱ्हाड पाठीवर. पॅरिसचा तह मंजूर करायला ९ राज्यांचे लोक हवेत तर तेवढे जमेनात, जानेवारी १७८४ मध्ये कसेबसे जमले.

आयात मालावर फक्त ५ टक्के कर घेऊ द्या एवढंच काँग्रेसने मागितलं होतं. १२ राज्यं तयार झाली आणि १७८२ मध्ये र्‍होड आयलंडने नकार दिला. सगळ्यात चिमुकलं राज्य, आणि तिथेच घोडं अडलं.

मग १७८६ ला पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये शेतकरी उठले. राज्याला युद्धाचं कर्ज फेडायचं म्हणून भरमसाट कर आणि तोही रोख नाण्यांत, शेतकऱ्याकडे नाणी कुठली, मग कोर्टात खटला, जमीन जप्त, नाहीतर तुरुंग. डॅनियल शेज हा युद्धात लढलेला कॅप्टन, त्याच्यासारख्यांच्या मागे लोक जमले आणि त्यांनी कोर्टच भरू द्यायची नाहीत असं ठरवलं. जानेवारी १७८७ मध्ये ते स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तोफा डागल्या गेल्या, चार माणसं मेली. काँग्रेसकडे फौज उभी करायला पैसे नव्हते, त्यामुळे बोस्टनच्या सावकार-व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि राज्याची फौज उभी राहिली, सेनापती बेंजामिन लिंकन, हो तेच. यॉर्कटाउनला ज्यांनी शरणागती घेतली ते पाच-सहा वर्षांनी आपल्याच जुन्या सैनिकांचा बर्फातून पाठलाग करत होते. बंड मोडलं, पण पैसेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. 

या काँग्रेसला अगदीच नावं ठेवू नयेत हेही सांगते. १७८७ मध्येच तिने ओहायो नदीच्या उत्तरेच्या मुलुखासाठी कायदा केला, तिथे नवी राज्यं होतील ती जुन्यांच्या बरोबरीची, आणि तिथे गुलामगिरीला बंदी.

प्रश्न : राज्यघटना लिहिली तेव्हा आत नेमकं काय घडलं? इतकी गुप्तता का होती?

उत्तर : २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७, फिलाडेल्फिया, जाहीरनामा जिथे मंजूर झाला तीच इमारत. ५५ प्रतिनिधी, र्‍होड आयलंडने कुणालाच पाठवलं नाही. खुर्चीवर वॉशिंग्टन. फ्रँकलिन ८१ वर्षांचे, जेफरसन पॅरिसला आणि अ‍ॅडम्स लंडनला वकिलात सांभाळत होते म्हणून ते दोघं नाहीत. जेम्स मॅडिसन पुढे बसून रोजचं बोलणं टिपून घ्यायचे, त्या नोंदी छापल्या गेल्या १८४० मध्ये, ते गेल्यानंतर. दारावर पहारा, उन्हाळ्यातही खिडक्या बंद, बाहेर चकार शब्द काढायचा नाही. कारण सोपं, माणसाला मत बदलायचं असेल तर काल काय बोलला ते आज पेपरात आलेलं नको. शिवाय यांना सांगितलं होतं जुना करारनामा दुरुस्त करा, आणि हे तर तो बाजूला ठेवून नवीनच लिहीत बसले होते, ते बाहेर कळलं असतं तर काही खरं नव्हतं.

सगळ्यात मोठं भांडण मोठी राज्यं विरुद्ध छोटी राज्यं. व्हर्जिनिया म्हणे लोकसंख्येवर जागा द्या, न्यू जर्सी म्हणे सगळ्यांना सारखं मत हवं. १६ जुलैला तडजोड पास झाली, एका सभागृहात लोकसंख्येवर आणि दुसऱ्यात, म्हणजे सेनेटमध्ये, प्रत्येक राज्याला दोन. ५ विरुद्ध ४ राज्यं, मॅसॅच्युसेट्सचे लोक आपसातच फुटलेले.

दुसरी तडजोड वाईट. दक्षिणेला गुलाम मोजायला हवे होते, जागा वाढतात म्हणून, मताचा हक्क द्यायला मात्र नको. शेवटी ठरलं, पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, जागांसाठीही आणि थेट करासाठीही. शिवाय १८०८ पर्यंत बाहेरून गुलाम आणायच्या धंद्याला काँग्रेसने हात लावायचा नाही, आणि पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर मालकाला परत द्यायचा. हे मानलं नसतं तर दक्षिणेची राज्यं उठून गेली असती असं समर्थन करतात, ते कदाचित खरंही असेल. १७९० च्या जनगणनेत ३९ लाख लोकांत जवळजवळ ७ लाख गुलाम निघाले, तेव्हा ही किंमत कुणाच्या खिशातून गेली ते बघा.

राष्ट्राध्यक्षावर तर दळण दळलं. एक असावा की तीन, कुणी निवडावा, किती वर्षांसाठी, ठरवायचं आणि परत मोडायचं. शेवटी एकच माणूस, चार वर्षं, आणि निवडायला राज्यांचे ‘इलेक्टर’, म्हणजे खास या निवडीसाठी नेमलेली माणसं. समोर वॉशिंग्टन बसलेले नसते तर एवढे अधिकार एका माणसाला दिले असते का, मला शंका आहे. डिसेंबर १७८३ मध्ये अ‍ॅनापोलिसला जाऊन त्यांनी सेनापतिपद परत केलं होतं आणि घरी शेती बघायला गेले होते, त्यामुळे हा माणूस राजा होऊन बसणार नाही हा विश्वास होता.

आणि पैसा? काँग्रेसच्या अधिकारांची जी यादी आहे तिच्यात पहिलाच अधिकार कर लावायचा. फक्त कराचं विधेयक आधी लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहातच यायला हवं. हेच होतं २०-२२ वर्षांच्या भांडणाचं उत्तर, कर द्यायचा पण लावणारा आपण निवडलेला हवा. नव्या काँग्रेसचा आयातकराचा कायदा वॉशिंग्टननी सही करून मंजूर केला तो दिवस ४ जुलै १७८९, आणि त्यात चहासुद्धा होता. साध्या काळ्या चहावर, चीनहून थेट अमेरिकन जहाजात आणला तरी, पौंडाला ६ सेंट, म्हणजे राजाच्या ३ पेन्सपेक्षा थोडा जास्तच. कुणी पेट्या फोडल्या नाहीत.

प्रश्न : राज्यांनी हे सगळं सहज मान्य केलं?

उत्तर : कसलं सहज. तेरांपैकी नऊ पुरे असा नियम सभेने स्वतःच ठरवला आणि मंजुरी विधानसभांकडे न देता प्रत्येक राज्यात खास निवडलेल्या सभांकडे दिली. मॅसॅच्युसेट्स १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७. जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायर नववं, म्हणजे घटना पक्की, आणि म्हणून वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले ते १७८९ मध्ये. विरोधकांचा मुख्य आक्षेप, यात नागरिकाचे हक्क कुठे लिहिलेत? तो रास्त होता, आणि पुढे मॅडिसननीच पुढाकार घेऊन दुरुस्त्या आणल्या, त्यातल्या १० डिसेंबर १७९१ मध्ये लागू झाल्या. भाषण, धर्म, छापखाना, ज्युरी हे सगळं त्यात. म्हणजे आज लोक घटनेतला जो भाग सगळ्यात जास्त सांगतात तो हरलेल्या बाजूने भांडून मिळवलेला आहे. र्‍होड आयलंड? ते आलं मे १७९० मध्ये, ३४ विरुद्ध ३२, तेही परदेश समजून तुमच्या मालावर कर लावू अशी धमकी दिल्यावर.

प्रश्न : कराविरुद्ध बंड करून झालेल्या देशात पुन्हा कराविरुद्ध बंड झालं का कधी?

उत्तर : झालं ना, आणि लगेचच. अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी राज्यांची युद्धकर्जं केंद्राच्या डोक्यावर घेतली आणि ती फेडायला १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर लावला. पश्चिम पेन्सिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याला मका-राय डोंगर ओलांडून बाजारात नेणं परवडत नसे, म्हणून तो त्याची दारू गाळायचा, आणि रोख पैसा नसल्याने दारूच नाण्यासारखी चालायची. म्हणजे कर त्याच्या पाकिटावरच! शिवाय मोठ्या भट्टीवाल्याला तो दर गॅलनमागे कमी पडायचा आणि छोट्याला जास्त. वसुली अधिकाऱ्यांना डांबर फासून पिसं चिकटवली, जुलै १७९४ मध्ये एका अधिकाऱ्याचं घर जाळलं. वॉशिंग्टननी सुमारे १३,००० ची फौज जमवली, म्हणजे इंग्रजांशी लढताना कित्येकदा हाताशी होती त्याहून मोठी, आणि काही अंतर स्वतः तिच्याबरोबर गेले. फौज पोचेपर्यंत बंडखोर पांगले होते. थोडे पकडले, दोघांना देशद्रोहासाठी फाशी सुनावली आणि वॉशिंग्टननी दोघांनाही माफी दिली.

त्या शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं खोटं होतं असं मला वाटत नाही. फरक एवढाच की या वेळी त्यांचा माणूस काँग्रेसमध्ये होता. १८०० च्या निवडणुकीत हॅमिल्टनचा पक्ष हरला, जेफरसन आले आणि १८०२ मध्ये काँग्रेसने तो कर रद्द केला.